नसलेला पिवळा

१

एलेआसार उर्रिबार्री यांचं शेवटचं चित्र दोन ठिकाणी सापडलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

एक ओस्वाल्दो त्रोकोनीसच्या गॅलरीत होतं. पांढऱ्या भिंतीवर, वर दिवे, खाली पितळी पट्टी. दुसरं सांता लुसिया या जुन्या वस्तीत, एका बैठ्या घराच्या जेवणघरात. त्याच्या खाली फुलं होती आणि मेणबत्त्यांचे वितळून थिजलेले गोळे. आकार तोच, उभ्या पट्ट्यांची रचना तीच, मागे लिहिलेलं नाव तेच: ‘सरोवर, संध्याकाळ’. माएस्त्रोंनी, म्हणजे सगळं माराकाइबो शहर ज्यांना याच नावाने ओळखायचं त्या उर्रिबार्रींनी, आयुष्यात एकच चित्र दोनदा कधी केलं नव्हतं. म्हणजे दोनातलं एक खोटं होतं.

पोलिसांनी फार विचार केला नाही. सांता लुसियातल्या घरात राहणाऱ्या नेरियो फुएनमायोरला त्यांनी उचललं. पन्नाशीचा नेरियो माएस्त्रोंच्या कार्यशाळेतला सर्वांत जुना माणूस. रंग लावणं, पट्ट्या कापणं, चौकटी जोडणं ही त्याची कामं. बनावट चित्र केल्याची तक्रार माएस्त्रोंच्या मुलीने, एग्लीने दिली होती. माएस्त्रो जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

कोर्टाने खरं कुठलं हे ठरवायला आउरिस्तेला पिरेला यांना नेमलं. त्या वकील, म्हणून लोक त्यांना ‘दोक्तोरा’ म्हणत. बुटक्या, जाड चष्म्याच्या, बोलण्यात तुटक. त्यांचा अहवाल सुनावणीच्या आधी यायचा होता. तो नेरियोच्या विरुद्ध गेला तर त्याची उरलेली कामाची वर्षं तुरुंगात जाणार होती.

सांता लुसियातल्या घरात नेरियोची मावशी एतेल्वीना एकटी होती.

“बसा दोक्तोरा. कॉफी घेणार? पोलिस आले होते ते विचारल्याशिवायच प्यायले.”

“घेईन. हे चित्र इथे कसं आलं?”

“माएस्त्रोंनी दिलं नेरियोला. म्हणाले, तुझ्याकडे राहू दे, कोणाला दाखवू नकोस. आणि या गाढवाने कुठे लावलं? जेवणघरात! शेजारपाजार साखर मागायला येतो तिथे.”

आउरिस्तेला चित्रासमोर उभ्या राहिल्या. माएस्त्रोंची चित्रं त्यांनी शहरात जागोजागी पाहिली होती. निळ्या, हिरव्या, काळ्या, पांढऱ्या पट्ट्या एकीला एक लागून उभ्या. पिवळ्याचा एक थेंबही नाही. पण दोन पावलं मागे सरकलं की पट्ट्यांच्या मधोमध पिवळा उजेड उमटायचा. तो रंग भिंतीवर नसतो, बघणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो, असं माएस्त्रो म्हणायचे.

इथे तसं काही होत नव्हतं. ट्यूबलाइटच्या उजेडात निळा भसकन अंगावर येत होता. स्वस्त, कच्चा निळा. आउरिस्तेला मागे गेल्या, पुढे आल्या. पिवळा नाही.

“याच्यासमोर मेणबत्त्या कशाला लावता, मिसिया?” त्यांनी म्हातारीला मानाने हाक मारत विचारलं.

म्हातारीने कपाळावर क्रूस काढला. “कारण ते येतात.”

“कोण?”

“माएस्त्रो. इथे, मधोमध. अख्ख्या गल्लीने पाहिलंय. पण या ट्यूबच्या उजेडात नाही येत. मेणबत्ती लावली की येतात.”

२

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत नेरियोने आधी मावशीची चौकशी केली. मग खालच्या आवाजात विचारलं, “चित्र अजून तिथेच आहे ना?”

“आहे. शहाण्या माणसाने ते लपवलं असतं.”

“लपवलंच होतं, कपाटामागे; मावशी काहीही सांगू दे. मावशीने साफसफाई काढली आणि बाहेर आणलं. त्यात वीज गेली, तिने मेणबत्ती लावली, आणि तिला काय दिसलं ते तिने दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात सांगितलं. आमच्या मावशीला सांगितलं की वर्तमानपत्राची गरज नाही.”

“आणि गर्दी बघून एग्ली आली.”

“आली. चित्राकडे बघितलं, मागची सही बघितली, आणि माझ्या तोंडावर म्हणाली, हे कोणी केलंय? मी म्हटलं, तुझ्या वडिलांनी. तिने मला थोबाडीत मारली.” त्याने गालावर हात फिरवला. “लहान असताना माझ्या खांद्यावर बसायची.”

आउरिस्तेलांनी चित्राच्या मागच्या बाजूचा फोटो टेबलावर ठेवला. “तिचं म्हणणं सहीवरून आहे. माएस्त्रो नेहमी तपकिरी रंगात सही करायचे. ही जांभळी आहे. गॅलरीतल्या चित्रावर तपकिरी आहे.”

नेरियोने फोटो जवळ ओढला.

“तुमच्या कार्यशाळेत तपकिरी आणि जांभळ्याचे डबे शेजारी असतात?”

“असतात.”

“ही सही तुमची?”

“नाही.”

“मग नक्कल करणारा इतका मूर्ख कसा? चौकट बरोबर, अक्षराचं वळण बरोबर, नाव बरोबर, आणि रंग तेवढा चुकला?”

त्याने फोटो उलटा करून परत सरकवला. “गॅलरीतलं चित्र तुम्ही पाहिलंत?”

“उद्या बघणार आहे.”

“चांगलं आहे ते,” नेरियो म्हणाला. “फार चांगलं आहे. लोकांना माएस्त्रोंचं शेवटचं चित्र म्हणून तेच आठवू दे.” तो उठला. “दोक्तोरा, अहवालात लिहा की माझ्या घरातलं मी केलं. मी सही करून देतो.”

३

“बघा,” त्रोकोनीस म्हणाला, “आणि मग मला सांगा, शंका आहे?”

शंका घ्यायला जागा नव्हती. गॅलरीतलं ‘सरोवर, संध्याकाळ’ जिवंत होतं. आउरिस्तेला दारातून आत आल्या तेव्हाच मधोमध फिका पिवळा उजेड उमटला आणि त्या चालू लागल्या तसा गडद होत गेला.

“शेवटपर्यंत हात कसा पक्का होता म्हातारबांचा! मी त्यांना म्हणायचो, माएस्त्रो, तुम्ही आम्हाला सगळ्यांना पुरून उराल. तर म्हणायचे, मी उरेन, सरोवर उरणार नाही.”

“चित्र तुमच्याकडे कोणी आणलं?”

“एग्लीने. कार्यशाळेत सापडलं म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, देव पावला. शेवटच्या चित्राशिवाय त्यांच्या स्मृतीचं प्रदर्शन म्हणजे चीझशिवाय तळलेला मांदोका.”

“चित्र असल्याचं तुम्हाला आधी माहीत होतं?”

“ते त्यावर काम करतायत हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त कार्यशाळेत कोणाला येऊ देत नव्हते. नेरियो सोडून.” त्रोकोनीस हसला. “बघा, कसं जुळतंय. मालकाजवळ एकटाच असलेला नोकर.”

एग्ली मागच्या खोलीत होती. चाळिशीची, उंच, वडिलांसारखे लांब हात. पूर्वी ती कार्यशाळेतच काम करायची. मग काराकासला गेली, स्वतःची चित्रं करू लागली. शेवटच्या वर्षात ती दोन-चारदाच इकडे आली होती.

“नेरियो असं का करेल?” आउरिस्तेलांनी विचारलं.

“त्याला विचारा. आयुष्यभर दुसऱ्याच्या पट्ट्या कापल्या की एक दिवस वाटत असेल, आपणही माएस्त्रो आहोत. पण तो निळा बघितलात? बाबांच्या कार्यशाळेत असा निळा कोणी लावला असता तर त्यांनी डबा फेकून मारला असता. एक छटा चुकली तर आम्हाला सगळी पट्टी खरवडायला लावायचे. पुन्हा, पुन्हा, बरोबर येईपर्यंत. मला आजही चुकीची पट्टी लावता येत नाही. हातच उठत नाही.”

“शेवटच्या दिवसांत ते कसे होते?”

“चिडके. दुपारी बाहेर पडायचे नाहीत, ऊन टोचतं म्हणायचे. मला तर...” ती थांबली. “त्यांच्या वाढदिवसाला मी आले होते. नवा निळा झगा शिवला होता, त्यांच्या आवडीचा निळा. दारातच म्हणाले, काळं का घातलंयस, मी मेलो का? सगळ्यांसमोर. मी त्याच रात्रीच्या बसने परत गेले.”

“आणि सरोवर?”

“सरोवराचं काय?”

“त्रोकोनीस म्हणत होते, ते सरोवराबद्दल बोलायचे.”

“तेवढंच बोलायचे. सरोवर गंजलं, पाणी तपकिरी झालं, आभाळसुद्धा तेलकट दिसतं. त्यात नवल काय? तेलाच्या विहिरींनी वाट लावलीय, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. सगळे माना डोलवायचे.”

आउरिस्तेला निघता निघता खिडकीशी थांबल्या. पलीकडे सरोवर दिसत होतं. किनाऱ्याजवळ काळपट तवंग होता. पण त्यापुढे, बोटी उभ्या होत्या तिथून पार क्षितिजापर्यंत, पाणी निळंशार होतं.

४

त्या संध्याकाळी त्या पुन्हा सांता लुसियात गेल्या. मावशी मक्याच्या पिठाचे अरेपा भाजत होती. दाराबाहेर शेजारणी खुर्च्या टाकून बसल्या होत्या.

“आज येतील का गं एतेल्वीना तुझे माएस्त्रो?” एकीने आत डोकावत विचारलं.

“तुझं थोबाड बघून कोण येईल!”

त्यांचं हसणं संपायच्या आत गल्लीतली वीज गेली. हे इतकं नेहमीचं होतं की कोणी हूं की चूं केलं नाही. मावशीने चाचपडत काडी ओढली आणि चित्राखालच्या मेणबत्त्या एकेक करून पेटवल्या.

आउरिस्तेला अंधाऱ्या कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या हातातला अरेपा बशीत पडला.

निळा खाली बसला होता. दिवसा अंगावर येणारा तो कच्चा रंग शांत, खोल झाला होता. आणि पट्ट्यांच्या मध्ये, माणसाच्या छातीच्या उंचीवर, काहीतरी पिवळं उभं होतं. त्याला कडा नव्हती. ते पट्ट्यांवर नव्हतं, पट्ट्यांच्या पुढे होतं, हवेत. ज्योत हलली की तेही श्वास घेतल्यासारखं हलत होतं.

“पाहिलंत?” मावशी कुजबुजली.

बाहेरच्या बायका उठून दारात आल्या होत्या. आता कोणी हसत नव्हतं. एकजण जपमाळ पुटपुटत होती.

आउरिस्तेलांच्या अंगावर काटा आला. त्यांनी तो मान्य केला आणि जागेवरून उठल्या. मेणबत्तीपाशी गेल्या, हाताने ज्योत झाकली. पिवळा गेला. हात काढला. पिवळा आला.

“मिसिया, माएस्त्रो या घरात कधी जेवायला आले होते?”

“खूपदा. शेवटी शेवटी तर दर रविवारी. वाईट वाटायचं हो. मिठाचं भांडं समोर असून शोधायचे.”

“चष्मा?”

“तो कपाळावर असायचा. म्हणायचे, काच मळलीय. मी पुसून द्यायची, तरी म्हणायचे मळलीय.”

आउरिस्तेलांनी पर्स उचलली. “उद्या मी गॅलरीतलं चित्र इथे आणते. या खोलीत, या भिंतीवर. एग्ली आणि त्रोकोनीसही येतील. नेरियोला आणायची परवानगी मी कोर्टाकडून घेते.”

“आणि माएस्त्रो?”

“त्यांना तुम्ही बोलवा,” आउरिस्तेला म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

५

दोन्ही चित्रं शेजारी टांगली होती. खिडक्या उघड्या होत्या, ऊन आत येत होतं. गॅलरीतलं चित्र उजळलं होतं. त्याच्या शेजारी दुसरं एखाद्या चुकलेल्या जाहिरातीसारखं दिसत होतं. दाराशी शिपायाबरोबर नेरियो उभा होता. एग्लीने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

“दिसतंच आहे की,” त्रोकोनीस म्हणाला. “यासाठी मला दुकान बंद करायला लावलंत?”

“खिडक्या लावा, मिसिया,” आउरिस्तेला म्हणाल्या.

खोली काळोखी झाली. मावशीने मेणबत्त्या पेटवल्या.

गॅलरीतलं चित्र मेलं होतं. त्याचा निळा जवळजवळ काळा झाला होता आणि पट्ट्या नुसत्या पट्ट्या राहिल्या होत्या. शेजारच्या चित्रात पिवळा उभा होता.

“ही जादू नाही,” आउरिस्तेला सांगू लागल्या. “मेणबत्तीच्या उजेडात निळा फार कमी असतो. गॅलरीतलं चित्र दिवसाच्या उजेडासाठी केलंय, त्याचा निळा इथे बुडतो. दुसऱ्यातला निळा मुद्दाम जास्त आहे, म्हणून तो इथे नेमका बसतो. म्हणजे दोन्हीही कसबी माणसांनी, डोळ्यांनी तोलून केलेली आहेत. मग प्रश्न एवढाच: मेणबत्तीशिवाय दिसणार नाही असं चित्र कोण करेल?”

“वेडा,” त्रोकोनीस म्हणाला.

“किंवा ज्याच्या डोळ्यांत कायम मेणबत्तीचाच उजेड आहे असा माणूस.”

एग्लीने मान वळवली.

“माझ्या आईला मोतीबिंदू होता. ऑपरेशननंतर पट्टी काढली तर ती माझ्यावर ओरडली, मी घरी नसताना पडदे का बदललेस म्हणून. पडदे तेच होते. निळे. तिला ते कित्येक वर्षं मातकट दिसत होते आणि तिला पत्ता नव्हता. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं, मग तपकिरी होतं. निळा काळपट दिसतो. जांभळा आणि तपकिरी एकच वाटतात. ऊन टोचतं. चष्मा पुसला तरी मळका राहतो.” त्या एग्लीकडे वळल्या. “सरोवर गंजतं.”

“पण सरोवर खरंच...”

“म्हणूनच कोणाला कळलं नाही. दुसऱ्या कुठल्याही शहरात एखादा चित्रकार म्हणाला असता की पाणी तपकिरी दिसतंय, तर लोकांनी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. इथे सगळ्यांनी माना डोलवल्या. तुम्हीसुद्धा.”

एग्ली खुर्चीवर बसली. “झगा,” ती म्हणाली.

“जांभळी सही नेरियोला दोषी ठरवत नाही, ती माएस्त्रोंचीच आहे हे सांगते. नक्कल करणाऱ्याने तपकिरी डबा उचलला असता. गॅलरीतल्या चित्रावर उचललाच आहे. आणि त्या चित्राची चूक वेगळी आहे. ते बरोबर आहे. गेल्या वर्षी माएस्त्रो असं बरोबर चित्र करूच शकले नसते. ते अशा कोणीतरी केलंय जो या कार्यशाळेत शिकला, ज्याचे डोळे धड आहेत, आणि ज्याचा हात चुकीची पट्टी लावायला उठत नाही.”

शिपाई नेरियोकडे बघू लागला. नेरियो एग्लीकडे बघत होता.

“मी केलं,” एग्ली म्हणाली.

“एग्ली, वकिलाशिवाय एक शब्द...” त्रोकोनीस पुढे झाला.

“गप्प बस ओस्वाल्दो! तूच म्हणालास, शेवटचं चित्र नसेल तर प्रदर्शन नाही. मी आणलं तेव्हा रंगाचा वास येत होता. तू नाक दुसरीकडे केलंस.” ती आउरिस्तेलांकडे वळली. “कार्यशाळेत फक्त नाव लिहिलेली आखणी होती आणि कापलेल्या पट्ट्या. मला वाटलं, त्यांच्या हातून ते झालंच नाही. मग इथलं हे पाहिलं. वाटलं, नेरियोनेही माझ्यासारखंच केलंय, आणि वाईट केलंय. दोन्ही खोटी आहेत असं वाटलं मला. म्हटलं, निदान बरोबर असलेलं तरी राहू दे.”

“आणि त्यासाठी त्याला तुरुंगात घातलंत.”

“हो.”

नेरियो पहिल्यांदा बोलला, तो आउरिस्तेलांशी. “तुम्हाला सांगितलं होतं, मी केलं असं लिहा म्हणून! एकदा त्यांनी माझ्याकडे जांभळा डबा मागितला, तपकिरी म्हणून. मी दिला. पुढच्या वेळी बोललो. ते कितीतरी वेळ स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, पोरीला सांगायचं नाही. एवढंच मागितलं त्यांनी माझ्याकडे. मला सोडवलंत दोक्तोरा, आणि त्यांना उघडं पाडलंत.”

“ऑपरेशन का नाही करून घेतलं?”

“भीती. म्हणाले, पिवळा आता कुठे नीट दिसायला लागलाय. तो काढून घेतला तर?”

६

अहवाल गेला. नेरियो सुटला. गॅलरीतलं चित्र कोर्टाने ताब्यात घेतलं आणि एग्ली आणि त्रोकोनीसवर खटला उभा राहिला. एग्लीने काहीच नाकारलं नाही. त्रोकोनीसने सगळं नाकारलं. गावात दोन-तीन आठवडे माएस्त्रोंच्या डोळ्यांची चर्चा झाली. मग चिनिता मातेचा उत्सव आला आणि लोक गाण्याबजावण्यात गुंतले.

सांता लुसियातल्या गर्दीवर मात्र काही परिणाम झाला नाही. आउरिस्तेलांनी मावशीला मोतीबिंदू पुन्हा एकदा समजावून सांगितला होता. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते कसे येतात हे तुम्ही सांगितलंत. कोण येतं ते मला माहीत आहे.”

खटल्याच्या तारखेआधी एक दिवस एग्ली त्या घरी आली. दिवेलागणीची वेळ होती. मावशीने काही न विचारता तिला आत घेतलं, ट्यूब बंद केली, मेणबत्त्या लावल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

एग्ली उभी राहिली. पट्ट्या होत्या, निळा होता. मधे काहीतरी उजळत होतं आणि विझत होतं, नीट जमत नव्हतं. त्या दिवशी इतक्या लोकांमध्ये तिला दिसलं होतं. आज तिने डोळे चोळले, पुन्हा बघितलं.

मागे दार वाजलं. नेरियो कामावरून परतला होता. त्याने तिला पाहिलं आणि तो उंबऱ्यातच थांबला. त्याने टोपी काढली नाही.

“मी जाते,” एग्ली म्हणाली.

ती दाराकडे वळली तेव्हा तो म्हणाला, “तू फार जवळ उभी आहेस.”

“काय?”

“मागे ये. अजून. आता डावीकडे. तुझ्या वडिलांचा उजवा डोळा आधी गेला, म्हणून ते इकडून बघायचे. मान अशी, थोडी तिरपी.”

एग्लीने मान तिरपी केली.

तो तिथे होता. चित्रात नाही, चित्राच्या अलीकडे. जुन्या चित्रांतला फिका पिवळा नव्हता तो. ती लहान असताना रोज संध्याकाळी वडिलांचा हात धरून धक्क्यावर जायची, तेव्हा पाण्यावर पडायचा तसा जाड, उबदार पिवळा. सगळं सरोवर तपकिरी झालेलं असताना त्या माणसाने तो इतका नेमका धरून ठेवला होता.

“चालून बघ,” नेरियो म्हणाला.

ती भिंतीच्या कडेने हळूहळू चालू लागली. पिवळा जागचा हलला आणि तिच्या बाजूने, तिच्याच वेगाने, निघाला.